वेदीच्या तीन पायऱ्या

सप्टेंबरात बांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा भरते. 8 तारखेला मारियामातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीच्या चढणीवर पाय ठेवायला जागा नसते. वसई-उत्तनची माणसं येतात, कोळीवाडे येतात, कधी चर्चची पायरी न चढलेलेही श्रद्धेने येतात. चढणीच्या दोन्ही अंगांना मेणाच्या वस्तूंची दुकानं. मेणबत्त्या तर असतातच, पण नजर अडकते ती अवयवांवर. मेणाचे हात, मेणाचे पाय, डोकं, बाळ, एखादं घरसुद्धा. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, त्याने ते विकत घ्यावं आणि माउलीच्या पायाशी ठेवावं.

तिथे एका बाईच्या कडेवर मी एक मुलगा पाहिला. कडेवर घेण्याचं त्याचं वय उलटून गेलेलं. बारीक, न वळणारे पाय तिच्या साडीवरून खाली लोंबत होते. मेणाचा पाय त्याच्याच हातात होता. गुडघ्यापासून खालचा, बोटं एकमेकांना चिकटलेली, टाचेशी साच्याची पुसट शीर. उन्हाने मेण थोडं मऊ पडलेलं. आई डोळे मिटून, ओठ हलवत रांगेत पुढे सरकत होती आणि तो मन लावून मेणाच्या पोटरीवर नखाने चंद्रकोरी उमटवत होता. एक झाली की दुसरी, ओळीने. त्याला त्या पायाकडून एवढंच हवं असावं.

आईच्या नवसाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. लेकराला ओझ्यासारखं न वागवता, घरात न लपवता, भर गर्दीतून ती त्याला वर घेऊन चालली होती. तरी त्या मुलाकडे बघताना वाटत राहिलं, की नवस बोलणं आणि नवस फळणं यांच्यामध्ये एक अख्खं आयुष्य पडलेलं असतं. त्या आयुष्यातल्या रविवारी हा मुलगा चर्चमध्ये कुठे बसतो? कोणाशेजारी? त्याच्या वयाची मुलं मिस्सेनंतर अंगणात धावतात तेव्हा तो कोणाकडे असतो? माउलीकडे आपण त्याच्यासाठी पाय मागतो. जागा मात्र आपणच द्यायची असते, आणि ती मागायला टेकडी चढावी लागत नाही.

आजारी आणि अपंग माणसांची मोठी यात्रा म्हटलं की फ्रान्समधलं लूर्द आठवतं. तिथलीच एक हकिकत मला फार जवळची वाटते. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन मुलांना घेऊन एका जोडप्याला लूर्दला जायचं होतं. इतर यात्रेकरूंना त्रास होईल म्हणून त्यांच्या धर्मप्रांताच्या यात्रेत त्यांना घेतलं गेलं नाही. ती एकटीच गेली. तिथल्या हॉटेलनं खोली दिली ती या अटीवर, की जेवण खोलीतच घ्यायचं. या दुखण्यातून 1971 च्या ईस्टरला एक वेगळी यात्रा निघाली. सुमारे 12,000 माणसं लूर्दला जमली. त्यांपैकी जवळजवळ 4,000 बौद्धिक अपंगत्व असलेली, बाकीचे त्यांचे आईबाप आणि मित्र. त्यातून ‘फेथ अँड लाइट’ नावाची चळवळ उभी राहिली आणि पुढे भारतातही आली. मारी-एलेन मात्यू आणि ज्याँ व्हॅनिए हे तिचे संस्थापक. व्हॅनिए यांनी अनेक स्त्रियांचं शोषण केल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर, 2020 साली, त्यांनीच स्थापन केलेल्या ‘लार्श’ या संस्थेने चौकशी करून जाहीर केलं. ते दुःख गाळून ही कथा आता सांगता येत नाही. पण त्या आईबापांची मागणी खरी होती आणि खरीच राहिली. त्यांना चारचौघांत बसून जेवायचं होतं.

शुभवर्तमानांतल्या अपंग माणसांना आपण लहानपणापासून ओळखतो ते ती बरी झाली म्हणून. आंधळ्याला दिसलं, लंगडा चालू लागला, मुका बोलला. गोष्ट तिथे संपते आणि आपण ‘आमेन’ म्हणतो. यरीहोच्या रस्त्याकडेला भीक मागत बसलेल्या बार्तीमयाची गोष्ट वाचताना मात्र मी दर वेळी मधेच थांबते. तो ओरडतो तेव्हा गर्दी त्याला गप्प बसवते. येशू थांबल्याबरोबर तीच गर्दी त्याला धीर द्यायला लागते. आणि समोर आलेल्या त्या अंध माणसाला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्याला काय हवं असेल हे त्या रस्त्यावरच्या कुणालाही सांगता आलं असतं. तरी येशू त्याला विचारतो. बार्तीमयाला काय हवंय ते त्याच्याच तोंडून ऐकतो. ही विचारण्याची पद्धत आपल्या समाजाच्या अंगवळणी पडली असती, तर किती गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या.

आरोग्यासाठीच्या एका प्रार्थनासभेत पाहिलेला तरुण मला अजून दिसतो. चाकांच्या खुर्चीत बसलेला, नीट इस्त्री केलेला शर्ट, मांडीवर बायबल. त्याला कोणी काही विचारलं नाही. चार-सहा हात त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर आले, प्रार्थनेचे स्वर चढत गेले, ‘ऊठ, ऊठ’ म्हणून झालं. तो उठला नाही. मग ते हात एकेक करून निघाले आणि कुणीतरी त्याच्या कानाशी वाकून म्हणालं, ‘श्रद्धा वाढव, बाळा.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवशी त्या मुलाच्या पाठीवर एक नवं ओझं चढलं. पायांचा दोष आता त्याच्या श्रद्धेचा झाला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही शक्यता नाकारतो. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनही तो प्रश्न आपल्या घराघरांत जिवंत आहे. कुणी त्याला गेल्या जन्मीचं कर्म म्हणतं, कुणी देवाची परीक्षा. मूल अपंग जन्मलं की बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा हा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा आईकडे बघूनच विचारला जातो.

आता पुष्कळ चर्चमध्ये रॅम्प झाले आहेत. पाहून बरं वाटतं. कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी असते, लोखंडी कठडा असतो. पण रॅम्प कुठे संपतो तेही एकदा पाहावं. बाजूच्या दाराने तो माणसाला आत आणतो आणि शेवटच्या बाकापाशी सोडतो. तिथून वेदीपर्यंत सरळ वाट आहे, आणि वेदीपुढे तीन पायऱ्या. वाचनमंच त्या पायऱ्यांच्या वर. म्हणजे खुर्चीतल्या माणसाने आत यावं, ऐकावं, ख्रिस्तशरीर स्वीकारावं हे आपण मान्य केलं. त्याने वर यावं आणि आम्हाला वाचून दाखवावं, हे बांधणाऱ्याच्या मनातच आलं नाही. त्या तीन पायऱ्यांवर आपलं सगळं बिंग फुटतं. फेब्रुवारीच्या 11 तारखेला, लूर्दमातेच्या सणाला, जागतिक रुग्णदिन पाळतात. त्या दिवशी आजाऱ्यांबरोबर अपंगांनाही पुढच्या रांगेत बसवतात, तैलाभ्यंग करतात, जेवण देतात, फुलं देतात. ठणठणीत प्रकृतीचा, रोज दुकान चालवणारा एखादा अंध माणूसही त्या रांगेत आजारी म्हणून बसलेला असतो. देणारे हात ठरलेले असतात, घेणारेही ठरलेले.

देणं-घेणं असं ठरून गेलेलं दिसलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्तीत त्यांनी शेकडो निराधार बायका-मुलींना आसरा दिला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे अंध मुलीही होत्या. त्यांना ब्रेल शिकवलं जाई, हाताला काम दिलं जाई. पण रमाबाईंचं एवढंच चित्र मनात ठेवलं, तर त्या स्वतः एक कमी ऐकू येणारी बाई होत्या हे निसटून जातं. या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं, तेही शेतात राबणाऱ्या बाईला समजेल अशा मराठीत. मुक्तीतल्या छापखान्यात तिथल्याच बायकांच्या हातांनी ते छापलं गेलं. 1922 साली रमाबाई गेल्या. अखेरपर्यंत त्यांचं हेच काम चालू होतं. संपूर्ण ग्रंथ बाहेर आला 1924 मध्ये. मराठी मंडळीला मिळालेलं हे देणं एका जवळजवळ बहिऱ्या स्त्रीचं आहे. दुसऱ्यांचं बोलणं धूसर ऐकू येत असताना, शब्दाशी तिची एवढी जवळीक कशी झाली असेल याचा विचार करत मी पुष्कळदा बसते.

कर्णबधिर माणसं चर्चमध्ये दिसतच नाहीत, कारण ती दिसण्यासारखी वेगळी नसतात. बाकावर बसतात, सगळे उठले की उठतात, गुडघे टेकले की टेकतात. त्यांच्या जवळ गेल्यावरच कळतं काय काय चुकत असतं. पापनिवेदनाचंच पाहा. लाकडी जाळीला तोंड लावून कुजबुजायचं ही आपली रीत. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज बाहेरच्या रांगेपर्यंत पोचते. म्हणून काही जण कागदावर लिहून आणतात. जाळीखालून घडी आत सरकवायची. फादर वाचतात, दोन ओळी लिहून तोच कागद परत देतात. मग बाहेर पडल्यावर त्या कागदाचं काय करायचं? एक बाई मला खुणांनी सांगत होत्या, की त्या तो चर्चच्या मागे मेणबत्त्यांच्या स्टँडवर जाळतात आणि पूर्ण राख होईपर्यंत तिथून हलत नाहीत. क्षमा मिळाल्यावरही एवढी राखण त्यांना करावी लागते.

खाणाखुणांच्या भाषेतली मिस्सा मी पाहिली ती त्यांच्याच बोलावण्यावरून. आपण प्रार्थनेत डोळे मिटतो, मान खाली घालतो; तिथे सगळ्यांचे डोळे सताड उघडे. डोळे मिटले की प्रार्थना ऐकू येईनाशी होते. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना शंभरएक हातांनी एकाच वेळी वर उचलली आणि त्या हातांच्या हवेने माझ्या पुढच्या बाईच्या डोक्यावरची ओढणी हलली. पास्काच्या जागरणाच्या रात्रीचं त्यांनी सांगितलं ते तर कधी सुचलंच नव्हतं. त्या रात्री आपण चर्चमधले सगळे दिवे मालवतो आणि एका पास्कामेणबत्तीच्या उजेडात उपासना सुरू होते. वर्षातली सगळ्यांत सुंदर वेळ. पण अंधार झाला की हात दिसत नाहीत, आणि हात दिसेनासे झाले की त्यांच्यापुरता चर्चमधला सगळा शब्दच थांबतो. म्हणून आता त्यांच्यातला एक जण लहान विजेरी घेऊन दुभाषीच्या हातांवर धरून उभा राहतो. अख्खं चर्च काळोखात, आणि उजेडाच्या तेवढ्या गोलात दोन हात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगत असतात. कुणीतरी त्यांना विचारलं, तेव्हाच ही विजेरी तिथे आली.

वेदीच्या वर कोण चढणार याचा प्रश्न जुना आहे. लेवीय पुस्तकात आंधळ्या, लंगड्या, कुबड्या पुरोहिताला वेदीजवळ जायला मनाई आहे. पण त्याच जागी हेही लिहून ठेवलंय, की देवाचं अन्न त्याने खावं, अगदी परमपवित्र अन्नसुद्धा. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या धर्मसंहितेत शारीरिक व्यंग ही गुरुदीक्षेतली अडचण म्हणून नोंदलेली होती. 1983 च्या संहितेतून ते कलम गेलं. आणि 2024 मध्ये केरळात त्रिशूरला एका कर्णबधिर तरुणाला गुरुदीक्षा मिळाली, भारतातली अशी पहिली. कलम जाण्यापासून माणूस वेदीवर चढेपर्यंत 40 वर्षांहून जास्त काळ गेला. लिहिलेले नियम बदलणं त्या मानाने सोपं म्हणायचं. ‘याला कसं जमेल’ हा न लिहिलेला नियम माणसांच्या चेहऱ्यांवर असतो, आणि चेहरे फार सावकाश बदलतात.

आमच्या धर्मग्रामात डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी आहे. तिच्या बरोबरीच्या मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीराचा वर्ग सुरू झाला तेव्हा तिची आई बिचकत बिचकत नाव द्यायला गेली. तिला समजेल का, असा प्रश्न आला. विचारणाऱ्या बाई प्रेमळ होत्या, प्रश्नालाही आधार होता. दहावे पायस पोप यांनी 1910 साली लहान मुलांसाठी ख्रिस्तशरीराची वाट मोकळी केली, वय सातच्या आसपास आणलं. त्यात एक अट होती, की मुलाला साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळावा. हे दार मुलांसाठी उघडलेलं. त्याच्याच चौकटीला काही मुलं अडकत राहिली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबर ख्रिस्तप्रसाद देतात. तिथे कुणी बाळाला समजलं का म्हणून विचारत नाही. आणि मला तरी काय समजलंय? इतकी वर्षं तळहात पुढे करते आणि घेते. समजण्याच्या जोरावर मिळत असतं, तर आम्हा सगळ्यांचीच पंचाईत होती.

त्या मुलीने फरक दाखवून दिला तो तिच्या पद्धतीने. घरी आईने सरावाला बिस्किट दिलं तर ती ते खुशाल तोंडात टाकायची. चर्चमध्ये मात्र रांग पुढे सरकू लागली की आधी हात फ्रॉकला पुसायची. कुणी शिकवलं नव्हतं. फादरांनी हे पाहिलं आणि वर्ग संपायची वाट न बघता तिचं नाव यादीत घातलं. सणाच्या दिवशी ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये सगळ्यांबरोबर चालली. तिला कुणी देवाचं फूल म्हणतं, कुणी परी म्हणतं. मला ते आवडत नाही. ती हट्टी आहे, खोड्या काढते, मनाविरुद्ध झालं की जमिनीवर बसकण मारते आणि उठत नाही. ती परी असती तर तिच्यासाठी बाकावर सरकून जागा करायची गरजच पडली नसती.

जुन्या करारातला मफीबोशेथ हा मला या सगळ्यांचा पूर्वज वाटतो. योनाथानाचा मुलगा, शौल राजाचा नातू. पाच वर्षांचा असताना रणातून वाईट बातमी आली, दाई त्याला घेऊन पळत सुटली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे राज्य दाविदाचं झालं. मफीबोशेथ दूर लो-दबारला कुणाच्या तरी आश्रयाने राहिला. दाविदाने त्याला बोलावून घेतलं, आजोबांची जमीन परत दिली आणि त्याचं जेवण कायमचं आपल्या पंगतीला लावलं. तो अध्याय संपतो तो याच दोन गोष्टी सांगून, की तो नित्य राजाच्या पंगतीला जेवत असे आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. शेवटपर्यंत पाय बरे होत नाहीत, आणि त्यामुळे पंगतीत काही उणं राहत नाही. मेजावरच्या कापडाखाली कुणाचे पाय कसे आहेत ते दिसत नाही हे खरं, पण लिहिणाऱ्याने ते झाकलेलंही नाही. मुद्दाम शेवटी सांगितलंय. बरं झालेल्यांच्या इतक्या गोष्टींमध्ये बरं न होताही आपला ठरलेल्या माणसाची ही गोष्ट आपण व्यासपीठावरून फारशी का सांगत नाही, कळत नाही.

आमच्याकडे मिस्सेत शांतीचं चिन्ह देताना आपण हात जोडतो. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, मागे वळून अर्धं, की झालं. आमच्या धर्मग्रामातल्या त्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला ते पुरत नाही. ती बाकातून बाहेर पडते आणि एकेकाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरते. समोरच्याने तिच्याकडे पाहिल्याशिवाय सोडत नाही. एका बाकावर जमिनीच्या वादावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोन भाऊ बसतात, मधे चार माणसांचं अंतर ठेवून; ती दोघांचेही हात धरते आणि मधल्या चौघांचेही. गायकवृंदाचं पुढचं गीत खोळंबतं. वेदीवर फादर थांबून राहतात. मिस्सा चार-पाच मिनिटं लांबते. मागच्या रांगेत कुणीतरी घड्याळ बघतं, आणि परवा धर्मग्राम समितीच्या सभेत हा विषय निघालाही. कोणी म्हणालं, तिच्या आईला सांगू या, तिला त्या वेळेपुरतं धरून ठेवा. कोणी म्हणालं, राहू द्या, लहान आहे, मोठी झाली की सुटेल सवय. तिसरं कुणी म्हणालं, मग आपणच जरा लवकर सुरुवात करू. निर्णय काही झाला नाही. पुढच्या सभेवर गेला. तोवरचे रविवार तिचेच आहेत. ती मोठी होईल, हात मोठे होतील, सवय सुटेल की नाही सांगता येत नाही. आम्हाला तिची सवय होते की नाही, हेही अजून ठरायचंय.